वालूरकर उमेदवारांसाठी अवांतर गप्पांची नियमावली

नियम पहिला : गाव लपवू नये. सेलू तालुक्यातल्या वालूरचा पोरगा पुण्यात पोचला, की 'कुठले तुम्ही?' याला पहिल्या महिन्यात 'परभणी' म्हणतो, सहाव्या महिन्यात 'मराठवाडा' आणि नोकरी लागल्यावर 'संभाजीनगरच्या बाजूला'. ही प्रगती शास्त्रोक्त असली तरी मुलाखतीत कामाची नाही, कारण पॅनेलसमोर त्याचाच अर्ज उघडा पडलेला असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखत २७५ गुणांची. सविस्तर अर्जात गाव, शिक्षण, छंद सगळं भरलेलं असतं आणि सुरुवातीचे हलकेफुलके प्रश्न बऱ्याचदा तिथूनच निघतात. 'गावात पाहण्यासारखं काय?' यावर 'विशेष काही नाही, सर' असं उत्तर देणं हा वालूरकरापुरता दंडनीय अपराध समजावा.

विशेष काही नाही? अरे, चक्राकार पायऱ्यांची बारव आहे गावात! बारवांत पायऱ्या सहसा सरळ खाली उतरतात. इथं त्या वळसा घेत पाण्याकडं जातात. गाळाकचऱ्यात गेलेली ही बारव गावकऱ्यांनी राबून मोकळी केली. टपाल खात्यानं महाराष्ट्रातल्या बारवांची चित्र-पोस्टकार्डं काढली, त्यांत ती आहे. एवढं भांडवल घरात असताना पोरगं पॅनेलला सांगतं, 'माय हॉबी इज रीडिंग.'

नियम दुसरा : छंद 'वाचन' लिहू नये. लिहिलाच तर वाचावं.

नियम तिसरा नोकरी लागलेल्यांसाठी. पारावरचा 'कुठं निघालास?' हा प्रश्न नसतो, रामराम असतो. 'हे काय, इथंच' एवढं उत्तर त्याला पुरतं. तोच प्रश्न संध्याकाळी पाच वाजता ऑफिसातल्या साहेबांना विचारला, तर ते दचकून खुलासा द्यायला लागतात. 'पगार किती?' हा प्रश्नही पारावरच ठेवावा. तिथं तो मायेनं विचारतात आणि हजार-दोन हजार कमी करून गावभर सांगतात.

नियम चौथा, हवामान. मे महिन्यात ४४ अंश काढलेल्या माणसानं, ३६ अंशांना 'काय उकडतंय!' म्हणणाऱ्या सहकाऱ्याला हसू नये. मान डोलवावी, पंख्याखाली सरकावं. पावसाचं मात्र अवघड आहे. खिडकीशी चहा घेत कुणीतरी 'मस्त पडतोय ना?' म्हणतं. सप्टेंबर असेल, तर तिकडं काढणीला आलेलं सोयाबीन भिजत असतं. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. भिजलेल्या मालाला तो कोण देतो? एवढं सगळं चहाच्या एका कपात सांगता येत नाही. 'हो, मस्त,' म्हणून पोरगं जागेवर जातं आणि घरी फोन लावतं. या प्रसंगासाठी नियम सापडलेला नाही.

नियम पाचवा : मुलाखत ठरलेल्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर मोबाइल खिशात ठेवून बारवेत उतरावं आणि पायऱ्या मोजून याव्यात. पॅनेलमधला एखादा 'किती आहेत?' असं विचारू शकतो.