काका, तुमचा हात स्मॉल आहे

मूठ बदलायची होती. पिस्तुलाची. हा दुसरा शब्द मी लोकांना मुद्दाम थोडं थांबून सांगतो, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा बदलताना बघायला मला आवडतं. पुढे ते हवेवर चालतं, त्यातून साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोक पडतं, एवढं कळलं की चेहरा पुन्हा होता तसा होतो. तोवर मी दोन सेकंद भाव खाऊन घेतलेला असतो.

2024 मध्ये पॅरिसला तुर्कस्तानच्या यूसुफ दिकेचनं एकावन्नाव्या वर्षी खिशात हात घालून ऑलिंपिकचं रौप्यपदक नेलं, तेव्हा आमच्या गल्लीत लोक मला हसून नमस्कार करायला लागले होते. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात पिस्तुलाचे जवळजवळ सगळेच नेमबाज अडकवतात, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

तर माझे छर्रे डावीकडे जात होते. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. माझे सगळे त्याच्या डाव्या शेजाऱ्याकडे. मी चष्मा बदलला, दिव्यांना दोष दिला, शेजारच्या लेनमधल्या पोराच्या शिंकेलाही दिला. मग उलगडा झाला की ही मीडियमची मूठ आपल्याला आखूड पडत असणार. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण आणलं त्या कोल्हापूरचा मी. तालमीचं गाव. हात मोठाच असणार. लार्ज मागवली. अक्रोडाच्या लाकडाची, बोटांसाठी खाचा कोरलेली. किंमत बायकोला सांगितली ती वेगळी आणि भरली ती वेगळी. मूठ हातात धरली आणि सोफ्यात बसल्यासारखं वाटलं.

छर्रे आणखी डावीकडे गेले.

आमची कोच माझ्या मुलीपेक्षा लहान आहे. तिनं माझी मूठ धरून पाहिली, म्हणजे मी धरलेली, आणि म्हणाली, “काका, बोट ट्रिगरपर्यंत पोचतच नाही. नुसत्या टोकानं ढकलताय, मग नळी डावीकडे जाणारच. तुमचा हात स्मॉल आहे.”

रेंजवर शांतता पाळतात, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मी म्हटलं, मनगटही जरा दुखतं, तिथं टेकू मिळेल अशी मूठ नाही का मिळत? नियमात बसत नाही, म्हणाली. मनगट मोकळंच हवं. साधारण किलोभर वजन, एकाच हातानं, लांब करून, 75 मिनिटांत 60 वेळा. मूठ सोफ्यासारखी वाटली तर ती चुकलीच, हेही तिनंच सांगितलं. डोळे मिटून हात उचलायचा, डोळे उघडल्यावर पुढची-मागची माशी आपसूक एका रेषेत दिसली पाहिजे. ट्रिगरचं बोट लाकडाला शिवता कामा नये. तळहाताखालची फळी स्क्रूनं वर घ्यायची, पण हात चिमटेल इतकी नाही.

घरी आलो तो थेट माळ्यावर चढलो.

तिथं एक कात्री शोधायची होती. आधी तिच्याबद्दल सांगतो. माझे वडील, आण्णा, शिंपी होते. त्यांची कात्री बारा इंची, मेरठची, पितळी मुठीची. शिंप्याच्या कात्रीला एक भोक मोठं, चार बोटांचं, आणि एक लहान, अंगठ्याचं. त्या लहान भोकाला आण्णांनी पॉपलिनच्या चिंध्या गुंडाळलेल्या असत, थरावर थर, तेलानं आणि घामानं काळ्या पडलेल्या. दर खंडेनवमीला वरचा थर काढून नवा लावायचे, मग मशीन आणि कात्रीला झेंडू वाहायचे. दुसऱ्या कुणाला त्या कात्रीनं सरळ कापता यायचं नाही. मी एकदा वर्तमानपत्र कापायला घेतली, तर आयुष्यात पहिल्यांदा आण्णा ओरडले. कागदानं धार जाते, हे प्रत्येक शिंप्याच्या पोराला एकदा ओरडा खाऊनच कळतं. कटिंग करताना ते कात्री टेबलावरून उचलायचे नाहीत. खालचं पातं लाकडावर घासत जायचं, आणि त्या खर्र आवाजावरून मला आतल्या खोलीत कळायचं की कोट आहे की लेंगा.

मला त्या चिंध्यांची लाज वाटायची. कॉलेजातले मित्र पँट शिवायला येत, तेव्हा मी कात्रीवर कापड टाकायचो. पहिल्या पगारात चकचकीत स्टीलची कात्री आणून दिली. आण्णांनी दोन दिवस वापरली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “चांगली हाय. पावण्यांस्नी दाखवाय बरी.” पुढं ती दुधाच्या पिशव्या कापायला गेली. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी फोड आलेला मी बघितला होता. मला वाटलं, म्हातारपण.

माळ्यावरच्या ट्रंकेत कात्री होती, चिंध्यांसकट. अंगठा घातला. बरोब्बर बसला.

बराच वेळ तिथंच बसलो. खालून बायको ओरडली, “अहो, सापडलं का?” काय सापडलं, तिलाही माहीत नव्हतं.

स्मॉलची मूठ आली तीही जशीच्या तशी बसली नाहीच. कारखान्यात ज्याच्या मापानं त्या करतात, तो माणूस मला एकदा भेटायचाय. मग कोचनं युक्ती सांगितली: तळव्याला रंग लावून मूठ धरायची. डाग पडला तिथं हात टेकतो, कोरं राहिलं तिथं पोकळी. घरात रंग नव्हता, बायकोची लिपस्टिक होती. पोकळ्यांत एम-सील भरलं, हाताला पावडर लावून घट्ट धरून बसलो, आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. कुरिअरवाल्यानं पिस्तूल बघून सहीच मागितली नाही.

मग पुन्हा लिपस्टिक, पुन्हा कानस, पुन्हा पॉलिश पेपर. असं महिनाभर. उन्हाळ्यात हात सुजतो, थंडीत आकसतो, त्यामुळे काम संपत नाही. स्मॉलच्या या देखण्या मुठीवर आता राखाडी ढेकळं आहेत. पाहुण्यांना दाखवायला अजिबात बरी नाही. पण छर्रे डाव्या शेजाऱ्याकडून घरी यायला लागलेत.

खंडेनवमीला पिस्तूल कात्रीशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्यानंतर रेंजवर गेलो. कोचनं मूठ उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “काका, हे लाल काय लागलंय सगळीकडे?”

“कुंकू,” मी म्हटलं. थोडं तेही होतंच.