फेज वनचे भाऊ

ड्रोन उडवायला काय लागतं, असं वणीत विचाराल तर मोबाइल दुरुस्तीवाला पोट्टा म्हणेल मोटर, कॉलेजातला म्हणेल पैसे, आणि भाऊ म्हणतील, "व्हिजन."

हे भाऊ प्रत्येक तालुक्याच्या गावात असतात. पेशानं ते काहीही असू शकतात. खाणीत पहिल्या पाळीला जाणारे ओव्हरमन, प्रयोगशाळा सहायक, कृषी केंद्राचे मालक. चार हौशी पोट्टे चार स्क्रू घेऊन कुठं बसले, की भाऊ येतात, खुर्ची ओढतात आणि विचारतात, "याचा रोडमॅप काय?" तोवर आपल्याजवळ रोडमॅप नाही याचं दुःख कोणालाच झालेलं नसतं.

वणीतला नमुना अगदी अस्सल. वय पंचेचाळीसच्या पुढं, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लेझरचं. बोलण्यात 'फेज वन' इतक्या वेळा येतं की तेच त्यांचं नाव पडलं. फेज टू अजून कोणी पाहिलेली नाही.

गटाचं नाव ठरवणं हा पहिला प्रकल्प होता. 'गरुड' सगळ्यांनीच वापरून झालेलं. 'पुष्पक' म्हटलं की नागपूरची स्लीपर बस वाटते. 'जटायू' सगळ्यांना आवडलं होतं, पण त्याचं पुढं काय झालं ते आठवल्यावर भाऊंनी स्वतःच मागं घेतलं. नाव राहिलंच. व्हॉट्सअॅपवर गटाला 'ड्रोन फायनल' म्हणतात, आणि त्यात लग्नपत्रिका यायला लागल्या म्हणून आता 'ड्रोन फायनल 2'.

नव्या सभासदाला भाऊंकडून इतिहास ऐकावाच लागतो. सुरुवात शिवकर बापूजी तळपद्यांपासून. 1895 साली त्यांनी चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा भाऊ डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात, आणि पुरावा विचारला की चहा मागवतात. मग '3 इडियट्स'. त्या सिनेमातलं उडतं यंत्र आयआयटी मुंबईच्या पोरांच्या आयडियाफोर्जचं होतं, ही माहिती मात्र खरी आहे. शेवटी कॅप्टन अमोल यादव. या माणसानं कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, 2016 साली मुंबईत 'मेक इन इंडिया'च्या मांडवात नेऊन ठेवलं, आणि परवानगीसाठी वर्षानुवर्षं सरकारदरबारी चपला झिजवल्या. भाऊ यातून निष्कर्ष काढतात: "प्लॅनिंग पाय त्या माणसाचं!" मोबाइलवाला पोट्टा मान वर न करता म्हणतो, "भाऊ, त्यानं गच्चीवर हातानं पत्रा ठोकला."

गटात ड्रोन यायच्या आधी फ्लेक्स आला. सहा बाय चारचा, वर तिरंगा, खाली भाऊंचा फोटो, मध्ये प्रकल्प. कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत तो टांगला आहे, आणि दर रविवारी भाऊ लेझरचा लाल ठिपका त्यावर फिरवतात. वाचणाऱ्याला वाटावं, वणी तालुक्याचा विकास फक्त चार पंख्यांवाचून अडला आहे. कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांचं मोजमाप. कोळशाच्या ट्रकांमागं उडणाऱ्या धुळीचा नकाशा. वावरात घुसणाऱ्या रोही-डुकरांना हुसकावणं. निर्गुडेच्या आणि वर्धेच्या पुरावर नजर. 2022 च्या जुलैत वर्धेच्या पाण्यानं तालुक्यातल्या गावांना वेढलं होतं, तेव्हापासून हा मुद्दा ठळक अक्षरात आहे. वाघाचा शोध हाही एक प्रकल्प आहे, आणि तो हवेतला म्हणता येत नाही. अवनी उर्फ टी-1 वाघिणीसाठी 2018 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात ड्रोन, पॅराग्लायडर, कुत्री, इतकंच काय परदेशी अत्तरसुद्धा वापरून झालं आहे. "अत्तराची आयडिया आपली होती," असं भाऊ हळू आवाजात सांगतात. कोणाला सांगितली होती, ते सांगत नाहीत.

सगळ्यात सुंदर प्रकल्प लोकनायक बापूजी अण्यांचा. बापूजींचा जन्म वणीतलाच, 29 ऑगस्ट 1880 चा. दिल्लीत 2022 च्या बीटिंग रिट्रीटला हजार ड्रोननी आकाशात चित्रं काढली, ते पाहून भाऊंनी ठरवलं की जयंतीच्या रात्री बापूजींचा चेहरा वणीच्या आभाळात दिसला पाह्यजे.

"किती ड्रोन लागन भाऊ?"

"हजार नाही जमले तं पाचशे."

"आपल्याजवळ एक आहे."

"म्हणून तं फेज वन म्हणतो मी." भाऊंचा चेहरा जराही हलत नाही. एका ड्रोनचा एकच ठिपका होतो, हे त्यांना कळत नाही असं नाही. तो ठिपका नाकावर द्यायचा की कपाळावर, यावर पुढचा पाऊण तास जातो.

तो एक ड्रोन म्हणजे वर्गणीतून मागवलेला एफ-450 चा सांगाडा, चार 2212 मोटरी, त्यांचा वेग सांभाळणाऱ्या चार ईएससी, उड्डाणाचं नियंत्रण करणारी छोटी पाटी आणि 2200 एमएएचची लिपो बॅटरी. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, सुटे भाग मात्र येतात. त्यामुळं हौशी माणसाला डाग देता येणं आलंच. भाऊंना डाग देता येत नाही. धुराची अॅलर्जी आहे म्हणतात.

फवारणीच्या प्रकल्पावर मात्र मला हसवत नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. डोक्याच्या वर वाढलेली पऱ्हाटी, पाठीवर पंप, वारा तोंडावर. त्या वर्षी इथल्या बहुतेक घरांनी कोणी ना कोणी ओळखीचं दवाखान्यात पाहिलं. दहा लिटरची टाकी असलेला शेतीचा ड्रोन सात-आठ मिनिटांत एकरभर फवारतो आणि माणूस धुऱ्यावर उभा राहतो. हे भाऊ सांगायला लागले की लेझर खिशात जातो, आवाज खाली येतो, आणि फेजबिज विसरून ते साधं बोलतात. मग पोट्टा काटा आणतो. आपला ड्रोन बॅटरीसकट सव्वा किलोच्या आसपास. "भाऊ, पावभर पाणी उचललं तरी देव पावला." दहा लिटरवाल्या यंत्राचा बाप निराळा, किंमत लाखांत, चालवायला रीतसर प्रमाणपत्र. केंद्र सरकारनं नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना 80 टक्के, म्हणजे आठ लाखांपर्यंत मदत ठेवली, हे वाचल्याबरोबर भाऊ घरी गेले आणि वहिनींना म्हणाले, बचत गट काढ. वहिनी म्हणाल्या, "काढतो. पण मिटिंगले तुमी येऊ नका."

पहिलं उड्डाण कापूस वेचून उलंगवाडी झालेल्या एका वावरात ठरलं, वारा सुटायच्या आधी, पहाटेच. आधी कंपास जुळवावा लागतो, त्यासाठी ड्रोन हातात धरून सगळ्या बाजूंनी गोल फिरवायचा असतो. पोट्टा तसा फिरवत असताना धुऱ्यावरून सरपण घेऊन जाणारी आजी थबकली.

"कोनाची नजर उतरवून राह्यले रे बाप्पा?"

"आजी, मशीनची."

"मंग मीठ-मोहरी आना. नुसत्या फिरवल्यानं उतरते का?"

मीठ-मोहरी फ्लेक्सवर नव्हती. थ्रॉटल वर सरकवला तसा ड्रोन एका पायावर उठला, जागीच उलटला आणि पऱ्हाटीच्या खुंटात तोंड खुपसून गरगरला. दोन पाती तुटली. भाऊंनी डायरी काढून नोंद केली: 'फेज वन अंशतः यशस्वी.' पोट्ट्यानं मातीतच बसकण मारली. एक मोटर उलटी फिरत होती. या मोटरींना तीन तारा असतात, त्यातल्या कोणत्याही दोन अदलून जोडल्या की फिरण्याची दिशा बदलते. त्यानं त्या अदलल्या, नवी पाती चढवली, थुंकी लावून बोट वर धरलं, वारा पाहिला. दुसऱ्या खेपेला ड्रोन निंबाच्या शेंड्याइतका वर गेला आणि थरथरत तिथंच थांबला. खाली वावरातली माणसं जमली.

"फोटो काढते का?"

"नाही."

"फवारते?"

"नाही."

"मंग करते काय?"

"उडते," पोट्टा म्हणाला. त्याचे दात दिसत होते.

या उत्तरानं भाऊ दुखावले. नुसतं उडणं हा त्यांच्या मते प्रकल्प होत नाही. त्याला इम्पॅक्ट लागतो, लाभार्थी लागतो, उद्घाटनाला आमदार लागतो. माझं मत विचाराल तर भाऊ उडण्याला भितात. ड्रोन चारचौघांत पडतो, फ्लेक्स पडत नाही. पडलाच तर वाऱ्यानं पडला म्हणता येतं.

तरीही भाऊंना गटातून काढा, असं मी म्हणणार नाही. 2021 चे ड्रोन नियम अथपासून इतिपर्यंत वाचलेला त्या खोलीत तो एकच माणूस आहे. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, दोन किलोपर्यंतच्या मायक्रोलाही धंदा करायचा नसेल तर लागत नाही, परवानगी न लागणाऱ्या हिरव्या क्षेत्रातही चारशे फुटांच्या वर जायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ. पोट्टे रंगनाथ स्वामींच्या जत्रेवर ड्रोन न्यायला निघाले होते, तेव्हा दारात आडवे झाले ते भाऊच. वावराच्या मालकाला तर्री-पोहे खाऊ घालून राजी केलं त्यांनीच. वर्गणीचा हिशेब रुपयाला रुपया लिहिलेला आहे, फ्लेक्सचा खर्च तेवढा वेगळ्या पानावर. त्यांच्या हातात डायरी असू द्यावी, स्क्रू ड्रायव्हर देऊ नये.

गटाला सध्या माणसं हवी आहेत. बारीक डाग देता येणारं, लिपो बॅटरी वैशाखाच्या उन्हात गाडीच्या डिकीत न विसरणारं, किंवा उलंगवाडी झालेलं वावर सकाळी दोन तास वापरू देणारं कोणी वणी-मारेगावकडं असेल तर रविवारी कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत यावं. वयाची, शिक्षणाची, पोरगा-पोरगी असली कोणतीच अट नाही. नियोजनाची जागा भरलेली आहे.