रात्रजीवन (गर्दी असल्यास पार्सल)

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या शहरांत ‘सिटी ब्रेक’ या नावाने जो प्रकार अलीकडे रूढ होऊ पाहत आहे, त्याची व्याख्या अशी करता येईल की, कुटुंबाने एक रात्र व दोन दिवस शेजारच्या शहरात पैसे मोजून राहावे आणि तेवढ्या अवधीत त्या शहराचे खाद्य, संस्कृती व रात्रजीवन या तिन्हींचा आस्वाद घेऊन घरी यावे. त्यासाठी एक्सेलमध्ये तक्ता करण्याची प्रथा आहे. तक्ता करणारी व्यक्ती प्रत्येक गृहसंकुलात एक तरी असतेच. तिचे वर्णन येथे अनावश्यक होय, कारण वाचकांपैकी निम्मे तिचे शेजारी आहेत आणि उरलेले निम्मे ती स्वतःच आहेत. प्रस्तुत विवेचनाचा आधार असलेला तक्ता अशाच एका डोंबिवलीकर गृहस्थांनी ठाण्याच्या मुक्कामासाठी सिद्ध केला असून, या दोन स्थानकांतील अंतर सुमारे १४ किलोमीटर आहे. खाद्याच्या रकान्यात अकरा नोंदी आहेत, संस्कृतीच्या रकान्यात चार आहेत, आणि रात्रजीवनाच्या रकान्यात एकच आहे: ‘तलावपाळी, आईस्क्रीम, रात्री ९.३०. गर्दी असल्यास पार्सल.’

अशा सहलीला पूर्वपरंपरा नाही, असे म्हणता येत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेल्या देशातील पहिल्या प्रवासी गाडीत जे सुमारे चारशे निमंत्रित बसले होते, त्यांचे ठाण्यात कोणतेही काम अडलेले नव्हते. ३४ किलोमीटरचे अंतर ५७ मिनिटांत कापून ते आले, आणि ठाण्यात त्यांच्यासाठी तंबू ठोकून खाण्यापिण्याची व्यवस्था केलेली होती. धीम्या लोकलला आजही जवळपास तेवढाच वेळ लागतो, यावरून या मार्गाने परंपरा किती निष्ठेने जपली आहे हे ध्यानात यावे. तंबू मात्र काढले गेले.

खाद्याच्या रकान्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्यात नियोजकाची बुद्धी चाललेली आहे. मामलेदार, म्हणजे तालुक्याचा महसूल अधिकारी, ज्या कचेरीत बसे तिच्या शेजारी प्रसिद्धी पावलेली व तिचेच नाव लावणारी तिखटजाळ मिसळ त्यात आहे. परतीच्या वाटेवर डोंबिवली ओलांडून कल्याणला जाऊन, घराच्या खिडकीतून विकला गेल्यामुळे ‘खिडकी वडा’ म्हणून ओळखला जाणारा वडाही त्यात आहे. संस्कृतीच्या रकान्यात मासुंदा तलावाच्या काठचे कोपिनेश्वर मंदिर आणि त्याच काठावर १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन यांची नोंद आहे. मात्र नाटकाचा प्रयोग रात्री साडेआठचा न घेता दुपारी साडेचारचा घेतला आहे, आणि येथूनच अभ्यासकाची दृष्टी पुन्हा त्या पार्सलकडे वळते.

रात्रजीवनाला पार्सलचा पर्याय का असावा, याची उपपत्ती रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये सापडते. मेगाब्लॉक म्हणजे रूळ, सिग्नल आणि विजेच्या तारा यांच्या देखभालीसाठी रविवारी काही तास ठरावीक मार्गांवरील गाड्या बंद ठेवण्याची किंवा दुसऱ्या मार्गावर वळवण्याची व्यवस्था होय. तो बहुधा सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास लागतो आणि दुपारी चारच्या आसपास सुटतो. त्याच्या आत ठाणे सोडायचे तर हॉटेलची खोली साडेनऊला रिकामी करावी लागते. खोली साडेनऊला सोडायची तर मिसळ आठला खावी लागते. मिसळ आठला खायची तर साडेसहाला उठावे लागते. साडेसहाला उठायचे तर रात्री साडेदहाला दिवा मालवावा लागतो. आणि साडेदहाला दिवा मालवायचा असेल, तर साडेनऊला तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर, शनिवारची गर्दी दिसताच आईस्क्रीम बांधून घेण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. चारनंतर का निघू नये, असा प्रश्न या भागाबाहेरचा वाचक विचारील. चारनंतर ब्लॉकमुळे खोळंबलेले सगळेच एकदम निघतात, एवढे उत्तर त्याला पुरे आहे.

आता पार्सल घेतलेल्या आईस्क्रीमचे पुढे काय होते, याचा विचार तक्त्यात नाही. हॉटेलच्या खोलीत फ्रीज असेल तर त्यात शीतपेयाच्या दोन बाटल्या आधीच बसलेल्या असतात आणि तिसऱ्या वस्तूला जागा नसते. त्यामुळे फॅमिली पॅक आणि चार लाकडी चमचे घेऊन हे कुटुंब रिक्षात बसते, पहिल्या सिग्नलला झाकण उघडते, दुसऱ्या सिग्नलला वडिलांच्या शर्टावर पिस्ता सांडतो, आणि खोलीवर पोहोचेपर्यंत जे उरते ते पिण्याच्या अवस्थेत असते. तलावाचे पाणी, त्यावरचे दिवे, नौकाविहाराच्या रांगेत उभी पोरे, भेळेचे ओले कागद हे सारे ज्या जागी होते, त्या जागेपासून शक्य तितक्या वेगाने दूर जाऊन, चार भिंतींच्या आत, पलंगपोसावर वर्तमानपत्र पसरून, दूरचित्रवाणीसमोर बसून रात्रजीवनाचा हा कार्यक्रम पार पडतो. हेच त्यांना घरी फुकट करता आले असते. किंबहुना घरी ते रोज हेच करतात. ज्या शहरात पोळी-भाजी केंद्राच्या पिशवीवाचून संध्याकाळ मावळत नाही, त्या शहराचा नागरिक सुट्टीतही पिशवी सोडू शकत नाही, आणि यात त्याचा एकट्याचा दोष मानणे अन्यायाचे ठरेल.

शास्त्रीय अर्थाने ‘रात्रजीवन’ ही संज्ञा, सूर्यास्तानंतर पोटापाण्याचे काम आणि त्या कामावरून परतणे ही दोन्ही कारणे नसताना माणसाने घराबाहेर राहण्याला लावली जाते. ही व्याख्या स्वीकारली की डोंबिवलीच्या पादचारी पुलावर रात्री अकराला खांद्याला खांदा लावून चालणारा समुदाय बाद होतो, कारण तो बाहेर पडलेला नसून अजून घरी पोहोचलेला नाही. व्याख्येत बसणारा खरा समुदाय दिवाळीत दिसतो: डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर आणि ठाण्यात राम मारुती रस्त्यावर व तलावपाळीवर शेकडो तरुण-तरुणी नटूनथटून, काहीही विकत घेण्याचा हेतू नसताना, केवळ एकमेकांना पाहण्यासाठी व दिसण्यासाठी जमतात, आणि हे सारे पहाटे घडते. रात्रजीवनाला सकाळी अभ्यंगस्नान करून यावे लागते, असे दुसरे उदाहरण अन्यत्र मिळणे अवघड आहे. तीच मुले, तोच रस्ता, तेच खिदळणे. सूर्योदयाच्या बेतात असेल तर त्याला परंपरा म्हणतात आणि मध्यरात्रीच्या बेतात असेल तर थेरं.

वस्तुतः कायद्याची याला हरकत नाही. दुकाने व आस्थापना, म्हणजे हॉटेले, उपाहारगृहे, व्यापारी पेढ्या इत्यादींच्या नियमनासाठी महाराष्ट्राने २०१७ साली जो अधिनियम केला, त्यानुसार मद्य देणारी ठिकाणे व असे काही अपवाद वगळता बहुतेक दुकाने चोवीस तास उघडी ठेवता येतात. म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकी कोणत्याही तासाला ठाण्यात बसून इडली खाणे वैध आहे. फक्त ती देणारा कोणी नाही, कारण साडेअकराला शटर अर्धे खाली आले नाही तर गस्तीची गाडी थांबते आणि अधिनियमाची प्रत दाखवून तिला पुढे जायला सांगण्याची छाती उडप्याला होत नाही. शटर मात्र अर्धेच येते. उरलेल्या अर्ध्या फटीतून, कमरेत वाकून, पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेला पोरगा आत हात घालतो आणि पार्सल बाहेर काढतो. मध्यरात्रीनंतर घोडबंदर रस्त्यावर मोकळेपणाने हिंडण्याचा अधिकार या शहराने ज्या एकमेव नागरिकाला दिला आहे, तो हाच. आणि तोही त्याला नव्हे, त्याच्या पिशवीला दिलेला आहे. पिशवी पाठीवर असली की कोणी अडवीत नाही. तोच पोरगा पिशवी घरी ठेवून, मित्राबरोबर, त्याच रस्त्याच्या कठड्यावर बसला की ‘एवढ्या रात्री इथे काय?’ हा प्रश्न येतो. पावसात, खड्ड्यांतून, अमुक मिनिटांत पोहोचण्याच्या धाकाने तो बिर्याणी घेऊन येतो, संकुलाच्या दारात पहारेकऱ्याकडे नाव-गाव नोंदवतो, मुख्य उद्वाहकाने जाण्यास मज्जाव असल्याने सामानाच्या उद्वाहकाची वाट पाहतो, आणि बाराव्या मजल्यावर दार उघडून जो गृहस्थ डबा घेतो व बिर्याणी गार झाल्याबद्दल त्याला एक तारा कमी देतो, तो आत जाऊन आपल्या शहरात नाईटलाईफ नाही म्हणून हळहळतो. नाईटलाईफ नुकतेच त्याच्या दारात घाम पुसत उभे होते! शहराला रात्र हवी आहे. रात्री कोणी हिंडलेले मात्र त्याला चालत नाही, म्हणून शहराने ती दुसऱ्याच्या पाठीवर लादून घरपोच मागवली आहे, आणि ही लबाडी कोणत्याही तक्त्यात नोंदवली जात नाही.

याच अधिनियमात रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रीविषयी तरतूद आहे: तिची संमती असावी, तिच्या सुरक्षेची व्यवस्था असावी, आणि कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंत तिला वाहन मिळावे. तरतूद चांगली आहे. तथापि हीच स्त्री कामाला न जाता रात्री साडेआठचे नाटक पाहायला गेली, तर शेवटचा प्रवेश चालू असताना घड्याळ पाहून उठते, पुढच्या रांगेतल्यांच्या शिव्या खाते, धावत गाडी पकडते, आणि डोंबिवलीत उतरल्यावर तिला कळते की शेअर रिक्षा संपल्या असून आता फक्त ‘स्पेशल’ आहे. स्पेशल म्हणजे मीटर न टाकता, रिक्षाचालकाच्या मर्जीने ठरणारे भाडे होय. मध्यरात्रीनंतरचा अधिकृत अधिभार २५ टक्के असला तरी येथे भाव दुपटीवरून सुरू होतो, आणि घासाघीस केलीच तर ‘मग चालत जा’ असे उत्तर मिळते. एमआयडीसीच्या अंधाऱ्या रस्त्याने चालत जा! शहराच्या लेखी ती दारापर्यंत पोहोचवण्याजोगी तेव्हाच, जेव्हा ती कोणाचे तरी काम करून येत असते. स्वतःच्या हौसेने बाहेर पडलेली बाई ही शहराची जबाबदारी नसते. डोंबिवलीकर गृहस्थांनी दुपारचा प्रयोग का निवडला, हे यावरून कळावे. त्या बाबतीत त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शहराने रात्रीला अधिकृतपणे किती जागा दिली आहे, याचा हिशेब मात्र करता येतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई असून, सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत शिथिल करता येते. पंधरा दिवस गुणिले दोन तास, म्हणजे वर्षाला तीस तास. नियम रास्तच आहे. आजाऱ्याला आणि परीक्षेच्या पोराला झोप हवीच. विचित्र गोष्ट अशी की, गोंगाट करणाऱ्या रात्रीला हे तीस तास पुरेपूर मिळतात, उलट काही मिनिटे उशिरापर्यंतही मिळतात, आणि बाकावर बसून हळू आवाजात बोलत चहा पिणाऱ्या रात्रीला कागदावर ८,७६० तास असूनही प्रत्यक्षात एकही मिळत नाही. तेव्हा ज्यांना ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत खाद्य व संस्कृती यांसह रात्रजीवनही हवे असेल, त्यांनी आधी हॉटेलचे आरक्षण करून मग तक्ता भरण्याची चूक करू नये. ते पंधरा दिवस कोणते, याची यादी दरवर्षी जाहीर होते. ती हाती येईपर्यंत थांबावे, आणि निवडलेला दिवस शनिवार असल्यास दुसऱ्या दिवशीच्या ब्लॉकचे वेळापत्रक त्याच कागदाला टाचून ठेवावे.