कोच कोण आणायचा?

"अंकल, ऐकलंत का? डेस चालला!"

वहिनींच्या पोराने आरोळी अशी ठोकली की मला वाटलं, वाडीतलं कोणीतरी कायमचं कॅनडाला निघालं. वसईत आमच्या तीन वाड्या एका कोपऱ्याला टेकतात. मध्ये तारेचं कुंपण, त्यावर तोंडलीचा वेल. एका बाजूला अंकल, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि त्यांचा मुलगा, तिसऱ्या बाजूला मी. त्या कोपऱ्यावर पाण्याची वेळ, मासळीचा भाव, कोणाचं लग्न कुठे अडलं, सगळं निघतं. फुटबॉलच्या आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम असला की मुंबई सिटी निघते.

ही गोष्ट नोव्हेंबर २०२३ ची. डेस म्हणजे डेस बकिंगहॅम, मुंबई सिटीचा इंग्रज कोच. ऑक्सफर्ड युनायटेडने बोलावलं आणि भर हंगामात गडी निघाला.

"जाऊ दे रे. ऑक्सफर्ड त्याचं गाव. घरून बोलावणं आल्यावर कोण थांबतं?" मी म्हटलं.

"काकी, तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब आहे तो! आणि इकडे आशियाची चॅम्पियन्स लीग चालू आहे."

"ती चालू आहे म्हणूनच पळाला असेल," वहिनींनी पलीकडून पुडी सोडली. "चार मॅच, चार हार. नेमार येणार, नेमार येणार म्हणून नाचलात. तो गुडघा धरून घरी बसला, आणि त्याच्याशिवायसुद्धा अल-हिलालने डी. वाय. पाटीलवर येऊन दोन घातले."

वहिनी मूळच्या म्हापशाच्या. नाव बदललं, गाव बदललं, पण क्लब बदलला नाही. एफसी गोवा म्हणजे एफसी गोवा. पोरगा मात्र निळी जर्सी चढवून अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये घसा बसेपर्यंत ओरडतो आणि रात्री उशिराच्या विरार लोकलने परततो. दोघांच्या क्लबांची गाठ असते त्या दिवशी त्या घरात जेवण लवकर उरकतात. नंतर कोण कोणाला वाढेल, भरवसा नसतो.

"आई, डेसने काय केलं ते तरी आठव. २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला दोन-एक हरवलं. चॅम्पियन्स लीगची मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब कोण? आपण! पुढच्या हंगामात ओळीने अठरा मॅच हार नाही. ४६ गुण, तक्त्यात पहिला नंबर आणि शील्ड."

"आणि पहिल्या हंगामात पाचवा नंबर. तेव्हा 'ह्याला हाकला' कोण म्हणत होतं?"

पोरगा तोंडलीची पानं मोजू लागला.

इतका वेळ अंकल झारीने अळूला पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली ठेवली. "खालिदला आणा," एवढंच म्हणाले.

अंकलचं हे उत्तर ठरलेलं. तरुणपणी मुंबईच्या कुपरेज मैदानावर रोव्हर्स कपच्या मॅच पाहिलेला माणूस. मुंबईची महिंद्रा युनायटेड बंद झाली २०१० मध्ये, पण ते तिच्याविषयी अजून असं बोलतात, जणू रविवारी तिची मॅच आहे. "खालिद जमील महिंद्राला खेळला, एअर इंडियाला खेळला. मुंबई एफसीला खेळला आणि पुढे तिथेच कोच झाला. ऐझॉलचं माहीत आहे ना? आदल्या हंगामात तळाजवळ जाऊन बाहेर पडलेली टीम. २०१७ ला त्याने तिला आय-लीग जिंकून दिली. आयएसएलमध्ये कायमचा मुख्य कोच झालेला पहिला भारतीय तोच. मुंबईत घडलेला माणूस मुंबईला नको?"

"अंकल, खालिद सर आधी सगळ्यांना मागे उभे करतात. चेंडू मिळाला की लांब ठोका. आपली टीम गोलीच्या पायापासून पास देत वर चढते."

"आणि त्या पासापासातच कधीतरी गोल खाते!"

"खाऊ दे. दोन खाऊन तीन घालू. शून्य-शून्यसाठी मी अंधेरीपर्यंत लटकत जाणार नाही."

"मग तुला हवाय कोण?" मी विचारलं.

पोराने एकदा आईकडे पाहिलं आणि कुंपणापासून पाऊलभर मागे सरकला. "लोबेरा."

झालं! वहिनींच्या हातातली विळी थांबली. "लोबेरा आमचा! मार्च २०१९ विसरलास? तुमच्या अंधेरीत येऊन आमच्या गोव्याने तुम्हाला पाच-एक धुतलं, ते कोणाच्या हाताखाली? सेर्जिओ लोबेराच्या. मग २०२० ला तुम्ही त्याला उचललंत. बरं, एकट्याला तरी? बरोबर मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमू आणि आमचा मंदार राव देसाईसुद्धा! कोच नेलात तो नेलात, पाठीमागून टेम्पो भरून टीम नेलीत."

"आणि पहिल्याच वर्षी शील्ड आणि कप, दोन्ही!" पोरगा लांबूनच म्हणाला. "फायनल कुठे झाली माहीत आहे ना आई? गोव्यातच, फातोर्ड्यात. शेवटच्या मिनिटाला बिपिनचा गोल."

"कोरोनात. रिकाम्या स्टेडियममध्ये. आम्ही आत असतो तर दाखवलं असतं."

अंकल हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याला काढलंत म्हणून तो मोकळा झाला."

"आम्ही कुठे काढलं? आमची टीम वरच्या नंबरला असताना क्लबने काढलं!"

"तेच म्हणतोय मी. क्लबने. आपल्याला विचारतं कोण?"

त्यावर काही क्षण तिन्ही वाड्यांत एकमत झालं.

तसाही लोबेरा त्या वेळी ओडिशाकडे गुंतलेला होता. म्हणून मी माझं नाव पुढे केलं. "क्लिफर्ड मिरांडा. गोव्याचा पोरगा. ह्याच वर्षी एप्रिलमध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. लोबेराला काढल्यावर गोव्याचा तो हंगाम शील्डपर्यंत नेला तोही त्यानेच."

वहिनी खूश झाल्या, पण पोराने पाणी ओतलं. "काकी, तो आता मोहन बागानमध्ये सहायक आहे."

"सहायक? कप जिंकून सहायक?" अंकलना आता जोर चढला. "हेच चाललंय. परदेशी कोच हरला की 'वेळ द्या'. आपला जिंकला तरी 'अनुभव घे'. पहिल्या वर्षी पीटर रीड, मग निकोला आनेल्का. तो तर खेळायचाही आणि टीमही चालवायचा! मग कोस्टा रिकाचा गिमारायस, पोर्तुगालचा जोर्जे कोस्टा, स्पेनचा लोबेरा, हा इंग्रज. दहा वर्षांत एकदाही आपला माणूस नाही. आता अँथनी फर्नांडिस तात्पुरता बसवलाय. तात्पुरता!"

"अंकल, मालक कोण ते बघा. २०१९ पासून पासष्ट टक्के सिटी फुटबॉल ग्रुपचे. मँचेस्टर सिटीवाले. त्यांचे क्लब मेलबर्नमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, स्पेनच्या जिरोनात. सगळीकडे खेळायची रीत एक. डेस कुठून आला होता? मेलबर्न सिटीतून. ते बाहेर शोधणारच नाहीत."

"म्हणजे स्थळ नात्यातलंच," वहिनी हसल्या. "मुलगा कसा दिसतो, काय करतो, बघायचंच नाही. मेलबर्नच्या मावशीच्या हाताखाली तयार झालाय ना? मग पत्रिका जुळली. तुम्ही नुसते अक्षता टाकायला."

खरं सांगायचं तर त्या कुंपणावर कोणी कोच शोधतच नव्हतं. अंकलना खालिद हवा होता तो कुपरेजची मुंबई पुन्हा दिसावी म्हणून. पोराला लोबेरा हवा होता, कारण त्या वर्षीचे दोन्ही चषक त्याने टीव्हीवर पाहिले; स्टँडमधून ओरडायचं राहून गेलं. वहिनींना तर मुंबईला कोच मिळूच नये असं वाटत होतं. आणि मी क्लिफर्डचं नाव घेतलं त्यात फुटबॉल किती आणि वहिनींच्या हातच्या आंबोट-तीक कालवणावरचा डोळा किती, हे मीच जाणे. मालकांना मात्र एकच हवं होतं: गाडी त्याच रुळावरून चालवणारा ड्रायव्हर.

आणि तसंच झालं. डिसेंबरमध्ये नाव जाहीर झालं, पेत्र क्रात्की. झेक माणूस, मेलबर्न सिटीचा सहायक कोच. वहिनींनी सकाळी सकाळी कुंपणावरून हाक मारली, "काय रे, मावशीने पाठवलाच ना?"

नव्या नवरदेवाचं स्वागतही दणक्यात झालं. २० डिसेंबरला अंधेरीत मोहन बागानशी मॅच. मुंबईने ती दोन-एक जिंकली, पण रेफ्रीने लाल कार्डं काढली सात! चार आपली, तीन त्यांची. अंकल म्हणाले, "कुपरेजवर मारामारी करूनही एवढे बाहेर जायचे नाहीत." जानेवारीत मुंबईचा खेळाडू ग्रेग स्टुअर्ट निघून गेला, तेव्हा पोराने दोन दिवस जर्सीला हात लावला नाही. १५ एप्रिलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये त्याच बागानने दोन-एक हरवून शील्ड नेली. "खालिद," अंकल म्हणाले. बाकी काही नाही.

मग ४ मे २०२४ ची फायनल. तेच सॉल्ट लेक, तेच बागान, त्यांचंच मैदान भरलेलं. पहिला गोल त्यांचा. पुढे पेरेरा दियाझ, बिपिन, व्होइटुस. मुंबई तीन-एक आणि कप आपला. पोरगा रात्री अंगणात असा ओरडला की वाडीतली सगळी कुत्री त्याला साथ द्यायला उठली. सकाळी वहिनींनी त्याला शिरा वाढला, पण तोंड गोव्याचंच ठेवलं. गंमत म्हणजे त्याच महिन्यात डेसने वेम्ब्लीवर ऑक्सफर्डला वरच्या डिव्हिजनमध्ये चढवलं. डिसेंबरात ऑक्सफर्डनेच त्याला काढलं. आणि क्रात्कीच्या मुंबईने मार्च २०२५ ला प्लेऑफमध्ये बेंगळुरूकडून पाच-शून्य खाल्ले, तेव्हा कपाचा कोच पोराच्या तोंडी पुन्हा 'ह्याला हाकला'पर्यंत आला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अंकल जे वाडीभर फिरले ते बघायला हवं होतं. खालिद जमील भारताचा कोच झाला होता. दर कुंपणाशी थांबून ते सांगत होते, जणू नेमणुकीचं पत्र त्यांच्याच सहीने गेलंय.

"अंकल, आता तर तो गेलाच हातचा," पोरगा म्हणाला. "देशाचा कोच क्लबला कसा मिळणार?"

"का? मनोलो मार्केझने नाही सांभाळलं? भारत आणि क्लब, दोन्ही एकदमच."

विळी पुन्हा थांबली. "मनोलोचं नाव काढू नका हां! तो क्लब कोणता होता? आमचा गोवा! अर्धा कोच आम्ही आधीच देशाला दिला होता. आता तुम्हाला उरलेला अर्धाही हवा?"

अंकलनी झारी उचलली. मी तोंडली तोडायला लागले.