लग्न, बारसे, पासपोर्ट व बास्केटबॉल

फुलंब्रीतल्या माझ्या स्टुडिओच्या पाटीवर 'लग्न, बारसे, पासपोर्ट व बास्केटबॉल' असं लिहिलेलं आहे. पहिल्या तीन शब्दांवर घर चालतं. चौथ्यापाशी लोक थबकतात, पुन्हा वाचतात आणि आत येऊन झेरॉक्सचा भाव विचारतात.

आमच्या तालुक्यात मका होतो, कापूस होतो, आल्याला भाव मिळाला तर दारात बुलेट येते. बास्केटबॉल मात्र पिकत नाही. सामना टिपायचा तर चौका ओलांडून तीसेक किलोमीटरवर संभाजीनगर गाठावं लागतं. निघताना बायको विचारते, "कुणाचं लग्न?"

"लग्न नाही, सामना आहे."

"मग पैसे कोण देणार? मुलाकडचे की मुलीकडचे?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

लग्नात फोटोग्राफर भटजींच्या वरचा माणूस असतो. "मंगळसूत्र परत घाला, इकडे बघून," म्हटलं की नवरदेव निमूट परत घालतो. भटजी मंत्र अर्ध्यावर थांबवतात आणि सासरे हात जोडलेल्या अवस्थेत अवघडून जातात. या राजेशाहीत वाढलेला मी पहिल्यांदा बास्केटबॉलच्या मैदानाशेजारी मांडी घालून बसलो, तर माझ्यासाठी थांबायला कुणी तयार नाही. 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद जागेत दहा पोरं सुसाट. त्यात बॉल हातात आल्यापासून 24 सेकंदांत रिंगकडे फेकलाच पाहिजे, असा नियम. आमच्याकडे 24 सेकंदांत मामा नवरीला घेऊन स्टेजची पायरीसुद्धा चढत नाही.

खरा सुखाचा काळ 1891 चा. त्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ मास्तरांनी पीचच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकून हा खेळ सुरू केला. टोपल्यांना बूड शाबूत होतं. बॉल आत पडला की कुणीतरी शिडीवर चढून तो काढायचा. फोटोग्राफरला चहा घेऊन यायला वेळ होता. पुढे कुणा अतिहुशार माणसाने ते बूड काढलं आणि आमच्या धंद्याचंही.

बंदिस्त हॉलमधल्या दिव्यांचा छळ वेगळाच. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुने दिवे सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं की बरोबर कळतं. एकाच उडीचे चार फोटो घ्यावेत, तर पहिल्यात पोराला कावीळ, दुसऱ्यात तो हिरवा, तिसऱ्यात काळाठिक्कर आणि चौथ्यात बरा, पण चौथ्यात पंच मध्ये. शिवाय या खेळात हात सदैव वर. चेहरा झाकलेला, काख उघडी. काखांचा एवढा मोठा संग्रह जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नसावा.

अमेरिकेतल्या एनबीएचे फोटोग्राफर म्हणे छतातच मोठाले फ्लॅश बसवून घेतात. खाली बटण दाबलं की वर वीज चमकते. वॉल्टर यूस या फोटोग्राफरने तर 1987 मध्ये मायकेल जॉर्डनसाठी इलिनॉयमधल्या लाइल गावी पार्किंगची जागाच निळी रंगवून घेतली आणि उंचावरून त्याची उडी टिपली. लाल कपड्यातला जॉर्डन निळ्यावर असा काही उठून दिसला की तो फोटो अजरामर झाला. उंचावर चढायची सोय आमच्याकडेही आहे. जेसीबी हाकेच्या अंतरावर, हल्ली नवरदेवही त्याच्या बकेटमधून मांडवात येतो. निळा ऑइलपेंट बाजारात मिळतो. फक्त जॉर्डन फुलंब्रीला यायला हवा.

एकदा मात्र एका शालेय सामन्यात सगळं जुळून आलं. पोरगा हवेत, बॉल बोटांच्या टोकावरून सुटतोय, घामाचा एक थेंब हनुवटीवर अडकलेला, मागे तीन प्रतिस्पर्धी तोंडाचा आ वासून. फोटो वडिलांपुढे ठेवला. त्यांनी मोबाइलच्या उजेडात नीट निरखला. म्हणाले, "भाऊ, डोळे मिटलेत ना याचे. आन् रंगही दबलाय. थोडा गोरा करा की!" मग त्यांनी दुसरा फोटो मागवला. त्यात पोरगा छातीशी प्रमाणपत्र धरून, भिंतीला टेकून, पासपोर्टसारखा ताठ उभा. त्याच्या बारा प्रती नेल्या. दहावीला खेळाचे गुण प्रमाणपत्रावर मिळतात, उडीवर नाही. बापाचा हिशेब चोख होता.

आयोजक लोक माझ्या बिलाला "तुमचं नाव छापतो" असं उत्तर देतात. नाव छापून येतंही. किराणा दुकानदार मात्र ते घेत नाही.

तरीही कुणाच्या मुलामुलीचा सामना असेल तर अवश्य बोलवा. दोनच विनंत्या. खेळ चालू असताना "बाळा, इकडे बघ, काका फोटो काढतायत" असं ओरडू नका; बाळ इकडे बघतं आणि अर्ध्या किलोहून जड बॉल त्याच्या नाकावर बसतो. आणि निम्मी रक्कम ॲडव्हान्स. तुळशीचं लग्न लागलं की मात्र सामना कितीही मोठा असो, मी मंगल कार्यालयातच भेटेन.