स्वतंत्र मनगट: नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

पायऱ्या शून्यापासून मोजाव्यात. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने वापरकर्त्याची चार स्वातंत्र्येही ० ते ३ अशीच मोजली आहेत: प्रोग्रॅम हवा तसा चालवणे, उघडून बदलणे, वाटणे आणि बदललेला वाटणे.

पायरी ०: सेलमध्ये घेतलेले स्मार्टवॉच काढून ठेवा. वेळ सांगायला त्याच्या अ‍ॅपला तुमचा मामेभाऊ, लोकेशन आणि जन्मतारीख कशाला लागते, हे विचारून त्याला अवघडवू नका.

पायरी १: पाइन६४ कंपनीचे पाइनटाइम हे घड्याळ मागवा. किंमत साधारण २७ डॉलर, टपाल वेगळे. रॅम ६४ किलोबाइट. सकाळी येणाऱ्या ‘शुभ प्रभात’च्या गुलाबालाही याहून जास्त जागा लागते. जीपीएस नाही, स्पीकर नाही. मित्रांना आधीच सांगून टाका.

पायरी २: घड्याळ जोडायला फोनवर गॅजेटब्रिज घाला. हे अ‍ॅप खाते उघडायला सांगत नाही, इंटरनेटची परवानगी मागत नाही. आज तुम्ही चारशेच पावले चाललात, ही गोष्ट घरातच राहते.

पायरी ३: इन्फिनिटाइम या घड्याळातल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ब्लूटूथवरून चढवा. तोवर चहा टाका. मग सेटिंग्जमध्ये जाऊन ‘व्हॅलिडेट’ दाबा. विसरलात, तर पुढच्या रीस्टार्टला जुनी आवृत्ती जुन्या भाडेकरूसारखी हक्काने परत येते.

पायरी ४: आता आईचा मराठी मेसेज येईल आणि वाचता येणार नाही, कारण घड्याळाच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तक्रार करू नका. सोर्स कोड खुला आहे, अक्षरे तुम्हीच घाला. जोडाक्षरे जोडता जोडता पावसाळा सरेल. स्वातंत्र्य म्हणजे तक्रारखिडकीच्या आतल्या खुर्चीत आपणच बसणे.

मग आई विचारेल, “एवढं करून वेळच दाखवतं ना रे? भिंतीवरच्याचं काय वाईट होतं?”

तिला पेबलची गोष्ट सांगा. २०१२ साली लोकांनी वर्गणी काढून उभे केलेले घड्याळ. २०१६च्या डिसेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला, २०१८च्या जूनमध्ये सर्व्हर बंद झाले. मनगटावरची घड्याळे धडधाकट होती, मालक मात्र पोरके. ‘रेबल’च्या हौशी मंडळींनी आपल्या सर्व्हरवर ती चालू ठेवली. मूळ सॉफ्टवेअर खुले व्हायला २०२५ उजाडले.

घड्याळ घेताना वॉरंटी किती, हे आपण विचारतोच. यापुढे एवढेही विचारा: “कंपनी बुडाली तर हे चालेल का?” दुकानदार नुसता बघत राहिला, तर पाकीट खिशात ठेवा आणि पायरी ० पासून पुन्हा वाचा.