हजेरीचे अद्वैत

विद्यार्थ्याची उपस्थिती ७५ टक्के असावी, या विद्यापीठीय नियमाचे थोरपण असे की, तो केवळ देह मोजतो आणि मन कोठे आहे या खासगी बाबीत नाक खुपसत नाही. ‘प्रॉक्सी’, म्हणजे गैरहजर मित्राच्या वतीने दिलेली हजेरी, हा या शास्त्रातील परकायाप्रवेशच होय. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग ऑनलाइन गेले, तेव्हा देहाचीही अट गळाली. कॅमेरा बंद, माइक बंद, काळ्या चौकटीत उरले ते फक्त नाव, आणि नामाचा महिमा तर मराठी मुलखाला नवा नाही. आता प्राध्यापकांनीही ध्वनिमुद्रित व्याख्यान लावून निघून जावे, म्हणजे हे अद्वैत पूर्ण होईल आणि पटावर सारेच हजर दिसतील. गैरहजर ठरेल तो एकटाच, जो वर्गात येऊन बसला आणि लिंक उघडायला विसरला.